कॅनडाच्या संसदेची किल्ली पंतप्रधानांच्याच खिशात का?

१७ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडाचे हाऊस ऑफ कॉमन्स उठले, ते पुन्हा भरले २६ मे २०२५ रोजी. मधल्या १६० दिवसांत जस्टिन ट्रुडो यांनी पद सोडण्याची घोषणा केली. लिबरल पक्षाने नवा नेता निवडला. आयुष्यात कधी खासदार नसलेल्या मार्क कार्नी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. ४ मार्चला अमेरिकेचे आयातशुल्क लागू झाले आणि कॅनडाने ३० अब्ज डॉलरच्या अमेरिकन मालावर २५ टक्के शुल्क लावून त्याला उत्तर दिले. निवडणूक जाहीर झाली, लढली गेली, जिंकली गेली. सीमेपलीकडचा राष्ट्राध्यक्ष देशाला आपले ५१ वे राज्य करण्याची भाषा करत होता, आणि त्यावर किंवा वरच्या कशावरही लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात एक मिनिटही चर्चा झाली नाही.

यात कुठलाही कायदा मोडला गेला नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

संसद थांबवण्याचे तीन प्रकार असतात. तहकुबी सभागृह स्वतः करते. ठरलेल्या दिवशी परत यायचे आणि काम जिथे थांबले तिथून पुढे न्यायचे. विसर्जनाने संसदच संपते आणि निवडणूक होते. या दोहोंच्या मधली ती सत्रसमाप्ती. खासदार खासदारच राहतात, सरकार सरकारच राहते, पण अधिवेशन संपते. पंतप्रधान गव्हर्नर जनरलना, म्हणजे राजाच्या कॅनडातल्या प्रतिनिधीला, सल्ला देतात, उद्घोषणा निघते, ती राजपत्रात छापली जाते आणि काम संपले. सभागृहाला विचारावे लागत नाही, आधी सांगावेही लागत नाही.

आपल्याकडेही प्रत्येक अधिवेशनानंतर राष्ट्रपती किंवा राज्यपाल सत्रसमाप्तीचा आदेश काढतात आणि कोणाचे त्याकडे लक्षही जात नाही, कारण त्याने काही बिघडत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७(३) नुसार सत्रसमाप्तीमुळे संसदेतले प्रलंबित विधेयक व्यपगत होत नाही; राज्यांच्या विधिमंडळांसाठी अनुच्छेद १९६(३) तेच सांगतो. कॅनडात नेमके उलटे आहे. तिथे सत्रसमाप्ती झाली की मंजूर न झालेली सगळी सरकारी विधेयके बारगळतात. समित्यांचे काम थांबते, त्यांच्या चौकशा हवेत राहतात. कॉमन्समधली खासगी विधेयके आणि कागदपत्रे हजर करण्याचे सभागृहाचे आदेश तेवढे नियमानुसार आपोआप पुढच्या अधिवेशनात जातात. सरकारी विधेयक पूर्वीच्या टप्प्यावर परत आणायचे तर त्यासाठी वेगळा ठराव मंजूर व्हावा लागतो. थोडक्यात, सरकारला अडचणीच्या झालेल्या बहुतेक गोष्टी एका सहीने पुसता येतात आणि सरकारला हव्या असलेल्या तेवढ्या पुन्हा मांडता येतात.

लिखित घटना या बाबतीत जवळपास मुकी आहे. १८६७ च्या मूळ कायद्यात पंतप्रधान हे पदच सापडत नाही. विश्वास गमावलेल्या सरकारने जावे, गव्हर्नर जनरलने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागावे, हे सारे संकेत आहेत. लिखित बंधन म्हणावे तर १९८२ च्या हक्कांच्या सनदेतले पाचवे कलम: संसद बारा महिन्यांतून किमान एकदा भरली पाहिजे. एकदा! भारतात दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, आणि तेही आपल्याला फार वाटते.

संकेतांवर चालणारी व्यवस्था ताणली गेली की काय होते, हे २००८ च्या हिवाळ्यात दिसले. १४ ऑक्टोबरच्या निवडणुकीत स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३०८ पैकी १४३ जागा मिळाल्या होत्या. लिबरल ७७, फक्त केबेक प्रांतात लढणारा ब्लॉक केबेक्वा ४९, डावीकडे झुकलेला एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) ३७. अल्पमतातले सरकार, त्यात जग आर्थिक मंदीत. २७ नोव्हेंबरला अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी आर्थिक निवेदन मांडले. त्यात मंदीवर उतारा म्हणावा असा खर्च नव्हता. उलट राजकीय पक्षांना प्रत्येक मतामागे मिळणारे १.९५ डॉलरचे सरकारी अनुदान बंद करण्याचा आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क काही काळ गोठवण्याचा प्रस्ताव होता. ज्यांच्या मतांवर सरकार तगून आहे त्यांचीच रसद तोडायची, हा हिशेब विरोधकांना कळायला वेळ लागला नाही. १ डिसेंबरला लिबरल आणि एनडीपी यांनी आघाडी सरकारचा करार केला. ब्लॉकने मंत्रिपदे न घेता अठरा महिने पाठिंब्याचे वचन दिले. बेरीज १६३ होत होती. सरकार पडणार होते.

पण कधी? इथे कॉमन्सच्या नियमांतली एक खाच समजून घ्यायला हवी. वर्षात विरोधी पक्षांच्या वाट्याला २२ दिवस असतात: १० डिसेंबरपर्यंतच्या टप्प्यात सात, २६ मार्चपर्यंतच्या टप्प्यात सात, २३ जूनपर्यंतच्या टप्प्यात आठ. विरोधकांना स्वतःहून अविश्वास ठराव आणायचा तर तो बहुधा याच दिवशी येतो. मात्र यातला कोणता दिवस केव्हा द्यायचा हे ठरवते सरकार. हार्पर यांनी १ डिसेंबरचा दिवस उचलून ८ डिसेंबरला टाकला आणि मधल्या आठवड्यात आघाडीविरुद्ध देशभर रान उठवले. ४ डिसेंबरला ते गव्हर्नर जनरल मिशेल जाँ यांच्याकडे, रिडो हॉलला गेले. दोन तासांहून जास्त वेळाने बाहेर आले ते २६ जानेवारीपर्यंतची सत्रसमाप्ती घेऊनच. तोवर लिबरल पक्षाने नेता बदलला, आघाडीतला जोर ओसरला, आणि २७ जानेवारीच्या अर्थसंकल्पाला नवे लिबरल नेते मायकेल इग्नाटिएफ यांनी पाठिंबा दिला.

हार्पर यांच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो पोकळ नाही. काही दिवसांपूर्वीच कॉमन्सने सरकारच्या उद्घाटनपर अभिभाषणाला मान्यता दिली होती. म्हणजे ४ डिसेंबरपर्यंत हार्पर कुठलेही मतदान हरलेले नव्हते, आणि विश्वास असलेल्या पंतप्रधानाचा सल्ला गव्हर्नर जनरल नाकारत नाही. हे खरे. पण विश्वास आहे की नाही याची परीक्षा चार दिवसांवर आली असताना परीक्षाच पुढे ढकलता येत असेल, तर ‘अजून हरलो नाही’ या दाव्याला अर्थ काय उरतो?

त्यानंतर ही वाट मळली. ३० डिसेंबर २००९ ला हार्पर यांनी रिडो हॉलला जाण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दूरध्वनीवर सल्ला दिला आणि ३ मार्च २०१० पर्यंत ६३ दिवस संसद बंद राहिली. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी, १० डिसेंबरला, अफगाणिस्तानात कॅनडाच्या सैन्याने स्थानिक यंत्रणेच्या ताब्यात दिलेल्या कैद्यांबाबतची कागदपत्रे विनाकाटछाट सादर करण्याचा आदेश कॉमन्सने दिला होता. लोक रस्त्यावर आले. १७ मार्च २०१० ला एनडीपीचे जॅक लेटन यांचा ठराव विरोधी पक्षांच्या मतांनी मंजूर झाला: सभागृहाने तसा ठराव केल्याशिवाय पंतप्रधानांनी सात दिवसांहून जास्त सत्रसमाप्तीचा सल्ला देऊ नये. ठराव उत्तम होता, पण ते ‘सभागृहाचे मत’ होते, नियम नव्हता. मत विरून जाते.

विरलेच. २०१५ च्या जाहीरनाम्यात लिबरल पक्षाने हार्पर यांच्या या खेळींकडे बोट दाखवून आम्ही तसे करणार नाही असे सांगितले. १८ ऑगस्ट २०२० ला, वुई चॅरिटी या संस्थेला दिलेल्या सरकारी कामाची चौकशी समित्यांमध्ये रंगात आली असताना, ट्रुडो यांनी २३ सप्टेंबरपर्यंत सत्रसमाप्ती केली. ३६ दिवस. ६ जानेवारी २०२५ ला केली ती २४ मार्चपर्यंतची, ७७ दिवसांची. लिबरल सरकारने नियमांत एक सुधारणा मात्र केली होती. २०१७ पासून सत्रसमाप्तीनंतरच्या नव्या अधिवेशनात, पहिल्या वीस बैठकांच्या आत, सरकारला कारणांचा अहवाल सादर करावा लागतो. २०२० मध्ये असा पहिला अहवाल आला. महामारीमुळे नव्या कार्यक्रमाची गरज होती, असा त्याचा सूर. दारूबंदी खात्याने स्वतःच स्वतःच्या तोंडाचा वास घेऊन प्रमाणपत्र द्यावे, तसा हा प्रकार.

२०२५ ची गोष्ट जरा खोलात पाहण्यासारखी आहे, कारण तिथे सत्रसमाप्तीची खरी किंमत दिसते. ‘पहिली राष्ट्रे’ म्हणवल्या जाणाऱ्या मूळनिवासी समाजांच्या वस्त्यांमधल्या शुद्ध पिण्याच्या पाण्याचे विधेयक सी-६१ गेले. ऑनलाइन अपायांविरुद्धचे सी-६३ गेले. जून २०२२ पासून रेंगाळलेले खासगी विदा (डेटा) आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे सी-२७ गेले. परदेशात जन्मलेल्या कॅनेडियन नागरिकाचे मूलही परदेशात जन्मले तर त्याला तेव्हा नागरिकत्व मिळत नसे. ही अट सैल करणारे सी-७१ ही गेले. टोरांटो-मिसिसॉगातल्या मराठी घरांतही या शेवटच्या विधेयकाशी संबंध येऊ शकेल अशी माणसे असतील: आईवडील कॅनेडियन, स्वतःचा जन्म पुण्याचा, आणि आता मूल दुबईत.

सगळ्यात विचित्र अवस्था झाली ती भांडवली नफ्यावरील कराची. नफ्याचा निम्म्याऐवजी दोनतृतीयांश भाग करपात्र धरण्याचा बदल २५ जून २०२४ पासून लागू होणार असे सरकारने जाहीर केले होते. त्यासाठीचा प्रस्ताव सभागृहात मांडला होता, पण कायदा झाला नव्हता. सत्रसमाप्तीने प्रस्ताव बारगळला. तरी करखाते, जुन्या प्रथेनुसार, न झालेल्या कायद्याप्रमाणेच कर आकारणार असे सांगत राहिले. ३१ जानेवारीला सरकारने तो २०२६ पर्यंत पुढे ढकलला. २१ मार्चला कार्नी यांनी रद्दच केला. विवरणपत्र भरण्याच्या हंगामात लोक आणि त्यांचे हिशेबनीस तीन वेगवेगळ्या उत्तरांमध्ये फिरले, आणि त्यातले एकही उत्तर संसदेने दिलेले नव्हते.

आणि परतीची तारीख २४ मार्चच का? पैसा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. पुढच्या महिन्यांच्या खर्चाला अंतरिम मंजुरी २६ मार्चपर्यंत घ्यायची असते, आणि खर्चाचे मतदान म्हणजे विश्वासाचेच मतदान. सत्रसमाप्तीला लागणारा हा एकमेव खरा लगाम. गव्हर्नर जनरलच्या विशेष अधिपत्राने पैसा काढण्याची सोय आहे, पण ती संसद विसर्जित असेल तरच. सत्रसमाप्तीच्या काळात ती वापरता येत नाही. कार्नी यांनी २३ मार्चला, म्हणजे संसद भरण्याच्या आदल्या दिवशी, विसर्जनाचा सल्ला दिला. खर्चाचे मतदान टळले, अधिपत्राची वाट मोकळी झाली. एनडीपीचे जगमीत सिंग यांनी २० डिसेंबरलाच सरकार पाडण्याची घोषणा केली होती; ते मतदान शेवटपर्यंत झालेच नाही. पंतप्रधान म्हणून कार्नी यांना सभागृहासमोर उभे राहावे लागले ते निवडणूक जिंकल्यानंतर.

लिबरलांची सबब अशी की नेता निवडायला वेळ हवा होता. वेळ लागतो, हे खरेच, आणि त्याचे कारण कॅनडातल्या पक्षांच्या घडणीत आहे. तिथे नेता खासदार निवडत नाहीत, पक्षाचे नोंदणीकृत सदस्य निवडतात. आणि ज्यांनी निवडले नाही त्यांना काढताही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चोवीस लिबरल खासदारांनी ट्रुडो यांना जाण्याची विनंती करणारे पत्र दिले, त्याचा उपयोग शून्य. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार मायकेल चाँग यांच्या सुधारणा कायद्यामुळे संसदीय पक्षाला गुप्त मतदानाने नेता काढण्याचा अधिकार घेता येतो, मात्र प्रत्येक निवडणुकीनंतर तसे ठरवून घ्यावे लागते. कॉन्झर्व्हेटिव्हांनी ते घेतले होते, म्हणून २ फेब्रुवारी २०२२ ला एरिन ओटूल ७३ विरुद्ध ४५ मतांनी एका दिवसात गेले. लिबरलांनी ते कधीच स्वीकारले नाही. पक्षाने स्वतःच्या घटनेत ठेवलेल्या दिरंगाईचे भाडे देशाच्या संसदेने ७७ दिवस बंद राहून का भरावे?

बंधन घालायचे तर कोणी? सहज सुचणारे पहिले उत्तर म्हणजे गव्हर्नर जनरल. मला ते पटत नाही. १९२६ मध्ये लॉर्ड बिंग यांनी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना विसर्जन नाकारले आणि आर्थर मीगन यांना सरकार दिले. मीगन तीनच दिवसांत एका मताने हरले. किंग यांनी ‘नेमलेला ब्रिटिश अधिकारी विरुद्ध लोकांचा नेता’ असा प्रचार करून १४ सप्टेंबरची निवडणूक जिंकली. अभ्यासकांपैकी अनेकांच्या मते बिंग बरोबर होते. पण तेव्हापासून नकार द्यायला कोणी धजावलेले नाही. पंतप्रधानांच्याच सल्ल्याने नेमलेल्या, कोणीही निवडून न दिलेल्या व्यक्तीने ऐन संकटात एकटीने हे धाडस दाखवावे, ही अपेक्षा मुळातच अवाजवी आहे.

दुसरे उत्तर न्यायालय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ ला अकरा विरुद्ध शून्य असा निकाल देत बोरिस जॉन्सन यांची सत्रसमाप्ती बेकायदा ठरवली. त्याच धर्तीवर २०२५ मध्ये कॅनडाच्या संघीय न्यायालयात अर्ज झाला. ६ मार्चला मुख्य न्यायाधीश पॉल क्रॅम्प्टन यांनी तो फेटाळला. असा सल्ला तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण पंतप्रधानांनी मर्यादा ओलांडल्याचे अर्जदारांना दाखवता आले नाही, असे त्यांचे म्हणणे. निकाल लवकर आला तरी दोन महिने उलटून गेले होते. न्यायालयाचा उपाय किती उशिराचा ठरतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रश्न सुटला. जून २०२२ मधले राज्यपालांचे पाऊल चुकीचे होते हे मे २०२३ मध्ये कळले, तोवर मुख्यमंत्री राजीनामा देऊन गेले होते आणि घड्याळ मागे फिरवणे शक्य नव्हते.

तिसरे उत्तर कायद्याचे. गव्हर्नर जनरलच्या पदाला धक्का लावणारी घटनादुरुस्ती कलम ४१ खाली येते: संसद आणि दहाच्या दहा प्रांत, सर्वांची संमती. ते होणार नाही. साध्या कायद्याचे काय होते हेही माहीत आहे. २००७ मध्ये निवडणुकीची तारीख ठरवणारा कायदा झाला, पण त्यात गव्हर्नर जनरलच्या अधिकारांना बाधा येणार नाही असे कलम होतेच. तो कायदा आणणाऱ्या हार्पर यांनीच वर्षभराने, ठरलेल्या तारखेच्या आधी, निवडणूक घेतली.

म्हणून उपाय सभागृहाच्या स्वतःच्या नियमावलीत शोधावा लागतो. सत्रसमाप्ती करण्यापासून ती पंतप्रधानांना रोखू शकणार नाही. पण त्यातला फायदा ती काढून घेऊ शकते. खासगी विधेयके आपोआप पुढे जातात, तसेच विशेषाधिकाराचे (हक्कभंगाचे) प्रश्न आणि समित्यांच्या अर्धवट चौकशाही आपोआप पुढे जाव्यात. नव्या अधिवेशनात सरकारने नकोसे केलेले काम पुन्हा पहिल्यापासून उकरावे लागू नये. सभागृहाच्या संमतीशिवाय सात दिवसांहून लांब सत्रसमाप्ती झाली, तर परतीच्या पहिल्या दिवशी अभिभाषणानंतरचे पहिले काम विश्वासदर्शक मतदान असावे आणि ते होईपर्यंत कुठलेही सरकारी विधेयक मांडता येऊ नये. आणि विरोधी दिवसांचे वाटप सरकारकडून काढून सभापतींकडे द्यावे. हे काही अघटित नाही. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला सभापती ग्रेग फर्गस यांनी मध्ये पडून तुंबलेल्या सभागृहात विरोधी दिवसांसाठी आणि खर्चाच्या मतदानासाठी जागा काढलीच होती. अविश्वासाच्या सूचनेला मुदतही हवी. लोकसभेच्या नियम १९८ प्रमाणे पन्नास सदस्यांचा पाठिंबा मिळाला की दहा दिवसांच्या आत ठराव घ्यावा लागतो. तोही ताणला जातो. २६ जुलै २०२३ ला दाखल झालेल्या ठरावावर चर्चा सुरू व्हायला ८ ऑगस्ट उजाडला. पण ताणायला आधी नियम तरी असावा लागतो. कॅनडात मुदतच नाही.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे. विरोधकही सभागृह तुंबवतात. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीपासून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी शाश्वत विकास तंत्रज्ञान निधीच्या कागदपत्रांवरून स्वतःच मांडलेल्या ठरावावर आठवडेच्या आठवडे भाषणे केली आणि तो मतास येऊच दिला नाही. विशेषाधिकाराच्या चर्चेला इतर सर्व कामांवर अग्रक्रम असल्याने सगळे ठप्प झाले. ‘संसद चालतच नव्हती, म्हणून बंद केली’ हे ट्रुडो यांचे म्हणणे त्या अर्थाने अगदीच खोटे नव्हते. पण तुंबलेल्या चर्चेवर उतारा म्हणजे विशेषाधिकाराच्या चर्चेला तासांची मर्यादा. तीही याच नियमावलीत घालता येते, आणि घालावीच.

हे सारे बदल साध्या बहुमताने आणि ४८ तासांच्या सूचनेने होऊ शकतात. २८ एप्रिल २०२५ च्या निकालात लिबरलांना ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या. समोरचे १७४ होते. नव्या संसदेच्या पहिल्या अधिवेशनात, साठाव्या ते नव्वदाव्या बैठकीच्या दरम्यान, एक पूर्ण दिवस सभागृहाच्या नियमांवर चर्चा करावीच लागते, असे स्थायी नियम ५१ सांगतो. ती चर्चा नेहमी मतदानाशिवाय संपते आणि विषय कामकाज समितीकडे जातो. कॉन्झर्व्हेटिव्हांना आपण उद्या सत्तेत असू असे वाटते, लिबरल आज सत्तेत आहेत, आणि ज्यांना कधीच सत्ता मिळणार नाही त्या ब्लॉक आणि एनडीपीच्या जागा त्या निकालात मिळून २९ भरल्या.